'फील्ड ऑफ द इंग्लिश' : इंग्रज, ब्रिटिश की आणखी कोणी?

भाषांतरवाली
एका सहल कंपनीसाठी स्कॉटलंडच्या माहितीपुस्तिकेचं मराठी करते आहे. एडिनबर्ग, लॉख नेस वगैरे सुरळीत झालं, कलोडनला येऊन गाडं अडलं.

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी: इन्व्हर्नेसजवळच्या या माळावर १६ एप्रिल १७४६ला चार्ल्स एडवर्ड स्टुअर्टची जॅकोबाइट सेना (म्हणजे स्टुअर्ट घराण्याला गेलेली गादी परत मिळावी म्हणून लढणारी) आणि सरकारी फौज यांची लढाई झाली. तासाभराच्या आत सगळा खेळ संपला. आज तिथे कुळाकुळांची नावं कोरलेले दगड उभे आहेत. त्यातल्याच एका दगडावर आहे, 'फील्ड ऑफ द इंग्लिश. दे वेअर बरीड हिअर.'

मी लिहिलं, 'इंग्रजांचं रण. त्यांना इथेच पुरलं.' तपासणाऱ्या बाईंनी पाच शब्दांत तीन लाल गोल केले. 'रण' म्हटलं की कच्छ आठवतं, 'पुरलं' म्हणजे मांजर पुरल्यासारखं वाटतं, आणि 'इंग्रज' चूक, 'ब्रिटिश' करा; कारण सरकारी फौजेत स्कॉट पलटणीही होत्या. ते खरंच आहे, कॅम्बेल कुळाचे लोक सरकारच्याच बाजूने लढले. पण दगडावर 'इंग्लिश' असताना मी 'ब्रिटिश' कुठून आणू? आणि खरं सांगायचं तर मला आजवर इंग्रज आणि ब्रिटिश एकच वाटत होते. उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचंय. सुचवा.

पेठकरी
दगडावर जे आहे तेच लिहा. शिलालेख वाचायचा असतो, तपासायचा नसतो. बाईंना सांगा, आधी तिकडे जाऊन छिन्नी चालवा, मग इकडे लाल पेन.

'पुरलं'वरचा आक्षेप मात्र मान्य. 'दफन केलं' म्हणा.

जुनी बखर
'इंग्रज' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांच्या तोंडून आला, 'इंग्लेस'वरून. जुन्या कागदांत इंग्रेज, इंगरेज अशी रूपं दिसतात. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठ्यांच्या राजनीतीवरच्या ग्रंथात, टोपीकरांची (युरोपियांची) यादी आहे: फिरंगी, इंग्रेज, वलंदेज, फरासीस, डिंगमार. वलंदेज म्हणजे डच, तोही पोर्तुगीज 'ओलांदेस'वरून. डिंगमार म्हणजे डेन्मार्कवाले. (हा शब्द कोणीतरी पुन्हा चलनात आणा हो, काय दणदणीत आहे.)

या यादीत 'ब्रिटिश' नाही आणि असणारही नाही. इंग्लंड-स्कॉटलंडच्या संसदा एक झाल्या १७०७ साली, म्हणजे आज्ञापत्राच्या वेळी 'ब्रिटिश' ही ओळख जेमतेम रांगत होती. आणि आपल्या वखारी ज्या कंपनीच्या, ती १६०० सालची, इंग्लंडचीच. तेव्हा आपला 'इंग्रज' जन्माने बरोबर होता, पुढे त्याचं पोट सुटलं आणि त्यात सगळेच मावले.

अ‍ॅबरडीनकर
सात वर्षं इथे स्कॉटलंडमध्ये आहे, म्हणून हक्काने बोलतो. आल्या आल्या घरमालकीणबाईंना कौतुकाने म्हणालो, 'यू इंग्लिश पीपल आणि तुमचा चहा!' बाई किटली घेऊन माझ्या कपाकडे येत होत्या. तशाच वळल्या, किटली जागेवर ठेवली, आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, 'इंग्लंड दक्षिणेला आहे. गाडीने सहा तास.' चहा मिळाला, पण दहा मिनिटांनी.

उलटा अनुभव लंडनचा. स्कॉटलंडमधल्या तीन बँका स्वतःच्या नोटा छापतात. ती नोट लंडनच्या दुकानात पुढे केली की दुकानदार ती उजेडात धरून असा बघतो, जणू मी घरी छापून आणली.

सांगायचा मुद्दा, फरक त्यांना जिव्हाळ्याचा आहे. आपण पुण्यात बसून 'सगळे गोरे एकच' म्हणू शकतो, पण पुस्तिका घेऊन जो माणूस त्या दगडासमोर उभा राहणार आहे त्याला फरक कळलाच पाहिजे.

शुद्धलेखणी
एवढा काथ्याकूट कशाला? इंग्लिश = आंग्ल. ब्रिटिश = इंग्रज. 'आंग्लभाषा' आपण म्हणतोच. म्हणून: 'आंग्लांची रणभूमी'. स्वच्छ, स्वदेशी.

कातळसडा
'आंग्लांची रणभूमी' वाचून माझ्या अंगात आलं. शिवाय 'आंग्ल' स्वदेशी कसा? 'अँगल' नावाच्या जर्मानिक टोळीच्या नावाला संस्कृतची शाल पांघरली, इतकंच.

शुद्धलेखणी
शाल पांघरली की माणूस घरचाच होतो. 'ब्रिटिश'ला तेवढीही मिळालेली नाही.

पेठकरी
अ‍ॅबरडीनकर, तुमच्या बाईंना सांगा की आम्ही पुण्यात ज्यांना इंग्रज म्हणून शिव्या घातल्या त्यांतले बिनीचे लोक त्यांच्याच गावाकडचे. पेशवाई बुडाली तेव्हा इथे बसलेला एल्फिन्स्टन स्कॉट. मुंबईच्या गव्हर्नरीवर त्याच्यामागून आलेला माल्कमही स्कॉट. साताऱ्याला बसून मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ स्कॉट. ज्यांच्या नावाने मुंबईचं कॉलेज आहे ते जॉन विल्सनही स्कॉट. मग पेशवाई 'इंग्रजांनी बुडवली' हे वाक्य बदलायचं का? मी तरी बदलणार नाही. शनिवारवाड्यावर जो झेंडा चढला त्याखाली कोण कुठल्या गावचा हे बघायला आपल्याला फुरसत नव्हती.

क्रिकेटमध्ये हाच घोळ. १९७४ला लॉर्ड्सवर आपण ४२ला गुंडाळले गेलो, तेव्हा इंग्लंडचा कर्णधार माइक डेनिस, तोही स्कॉट. त्याच्या आधी १९७२-७३ला भारतात आलेला टोनी लुईस वेल्सचा. वडील रेडिओ बंद करून म्हणाले होते, 'इंग्रजांनी अब्रू घेतली.'

आजोळ
आमच्याकडे इंग्रज-ब्रिटिश हा वादच नव्हता, एकच शब्द: विलायत. आजीचा एक भाचा जर्मनीला शिकायला गेला, तरी ती मरेपर्यंत 'विलायतेला आहे' असंच म्हणाली. विलायती चिंच तर मेक्सिकोकडची! गोऱ्या शिपायांनी हाच शब्द उचलून 'ब्लायटी' केला आणि मायदेशासाठी वापरला. पहिल्या महायुद्धात, घरी पाठवतील इतपतच लागलेल्या जखमेला ते 'ब्लायटी' म्हणायचे.

मला नेहमी वाटतं, वेल्स आणि विलायत हे एकच असावेत. व-ल-य, व-ल-स.

जुनी बखर
नसावेत. विलायत अरबी, मूळ अर्थ प्रांत, अंमल. 'वेल्स' जुन्या इंग्लिशमधला, अर्थ 'परके'. म्हणजे बाहेरून आलेल्यांनी मूळच्या रहिवाशांना परके ठरवलं! वेल्श लोक स्वतःला 'कम्री' म्हणतात. नाव वेगळं, पण अर्थाने तुमची आजी फार लांब नव्हती: वेल्श काय, विलायती काय, दोन्हीकडे 'आपला नव्हे तो'.

आजोळ
म्हणजे मी बरोबरच होते.

जुनी बखर
नव्हता, पण राहू दे.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. कलोडनला हरला तो स्टुअर्ट. आणि आपल्या वडगाव मावळात ज्याची समाधी आहे तो 'इष्टुर फाकडा' म्हणजे कॅप्टन स्टुअर्ट, आडनाव पक्कं स्कॉटिश. जानेवारी १७७९ला कार्ल्याजवळ मराठ्यांच्या तोफगोळ्याने पडला. शत्रू असून मराठ्यांनीच त्याला 'फाकडा' म्हटलं.

शुद्धलेखणी
'इष्टुर' हे 'इष्ट' + 'शूर' यांवरून आलेलं आहे. आवडता शूर.

कातळसडा
शाल संपली नाही वाटतं अजून.

जुनी बखर
'स्टुअर्ट'च्या आरंभी जोडाक्षर आहे, आपली जीभ त्याला 'इ'ची पायरी लावते. स्टेशनचं इष्टेशन, स्टुलाचं इष्टूल, तसा स्टुअर्टचा इष्टुर. शौर्य त्याच्या 'फाकडा'त आहे, 'इष्टुर'मध्ये नाही.

भाषांतरवाली
मंडळी, दगड मावळात पोचला. माझा कलोडनचा आहे. 'इंग्रज' ठेवते आणि खाली एक ओळ टाकते की सरकारी फौजेत स्कॉटही होते. आता 'फील्ड'चं सांगा. लढाईच्या जागेला तिथे 'कलोडन मूर' म्हणतात. मूरला काय म्हणू? माळरान?

कातळसडा
सडा! आमच्या रत्नागिरीकडे चला. वर सपाट, झाड नाही, वारा झोंबतो, पावसाळ्यात दोन महिने फुलं, मग पुन्हा उजाड. मूर म्हणजे सडाच. 'कलोडनचा सडा'.

पेठकरी
आणि घाटावरचे वाचक विचारतील, शेणाचा का पाण्याचा?

कातळसडा
घाटावर 'सडा' नाही असं कोणी सांगितलं? पाटणजवळ सडावाघापूर आहे, बघून या.

अ‍ॅबरडीनकर
कलोडनला मी दोनदा गेलोय. सड्यावर पाय आपटला तर जांभा आवाज करतो. इथे पाय टाकला तर 'फच्च'. गवत दिसतं तिथे पाणी असतं, दुसऱ्यांदा माझा डावा बूट घोट्यापर्यंत गेला आणि दिवसभर मोजा पिळत फिरलो. खाली पीट असतं, म्हणजे शेकडो वर्षांचं अर्धवट कुजलेलं शेवाळ-गवत. लोक ते विटांसारखं कापतात, वाळवतात आणि गोवऱ्यांसारखं जाळतात. जॅकोबाइटांचा घातही याच जमिनीने केला. त्यांच्यातल्या हायलँडरांची, म्हणजे डोंगराळ मुलखातल्या लोकांची, सगळी भिस्त तलवार घेऊन एकदम तुटून पडण्यावर, आणि चिखलात धावता येईना. तोवर समोरून तोफा. 'सडा' लिहिलंत तर वाचकाला तो पराभवच कळणार नाही.

कातळसडा
मग 'खाजण' लिहा.

आजोळ
खाजणात खारं पाणी लागतं. तिथे समुद्राचं काय काम? 'पाणथळ माळ' बरं.

कातळसडा
पाणथळ माळ म्हणजे शाकाहारी मटण. माळ कोरडाच असतो.

शुद्धलेखणी
'अनूपभूमी'. संस्कृतात पाणथळ प्रदेशाला अनूप म्हणतात.

पेठकरी
सहलीला चाललेत हो लोक, परीक्षेला नाही.

अवांतर: स्कॉटलंडच्या डोंगरांचं इतकं कौतुक, पण ब्रिटनमधलं सर्वांत उंच शिखर बेन नेव्हिस १३४५ मीटर. आपलं कळसूबाई १६४६. पुस्तिकेत हे जरूर घाला.

अ‍ॅबरडीनकर
कळसूबाईला लोखंडी शिड्या आहेत, चढून गरम भजी खाता येतात. बेन नेव्हिसच्या माथ्यावर एप्रिलमध्ये बर्फ असतो आणि भजी नसतात. तुलना कसली करता?

भाषांतरवाली
'पाणथळ माळ' घेतला, दगडावरच्या ओळीत नुसता 'माळ'. 'इंग्रजांचा माळ. त्यांचं दफन इथेच झालं.' पाठवून दिलं काल.

आज छपाईआधीचा नमुना आला. बाईंनी 'ब्रिटिश'चा हट्ट सोडला होता, 'दफन'ही तसंच ठेवलं. फक्त व्याकरण सुधारलं. आता तिथे आहे: 'इंग्रजांची माळ. त्यांचं दफन इथेच झालं.'

जुनी बखर
मोत्यांची की झेंडूची?

कातळसडा
सडा लिहिला असता तर हे झालं नसतं.