गटचर्चा रेकॉर्ड करताना कोण बोललं ते कसं कळणार?

प्रश्न: जनता वसाहतीत बचत गटातल्या आठ जणींची गटचर्चा घ्यायचीये, विषय पाणी. सगळ्या एकदम बोलतात, टाइप करताना आवाज ओळखायचे कसे?

उत्तर: ताई, आधी परवानगी घ्या, मगच रेकॉर्डर चालू. दोन ठेवा, समोरासमोर, खाली रुमालाची घडी, नाहीतर सतरंजी सरकली की खरखर येते. पंखाही बंदच ठेवा. सुरुवातीला प्रत्येकीला एकेक वाक्य बोलायला लावा, पुढे तेच कामी येतं.

उत्तर: नोंदी घ्यायला वेगळी व्यक्ती हवीच! बसल्या जागेप्रमाणे नंबर द्यायचे आणि प्रत्येकीचे पहिले दोन शब्द लिहीत जायचं, "३ – टँकर उशिरा" असं. त्याच रात्री टाइप करायला घ्या, तासाभराच्या चर्चेला पाच-सहा तास सहज जातात. हशा, मधेच गप्प होणं पण लिहा, खरी नावं मात्र नकोत.