खापरपणजीचं माहेर शोधायचंय, कोतवाल बुकाच्या पुढे कुठे बघावं?

वडिलांच्या आजोबांची आई. सासर काटोल तालुक्यात (नागपूर जिल्हा), माहेर घरच्यांच्या सांगण्यावरून वरुडकडचं. तिचं माहेरचं आडनाव आणि गाव हवंय.

कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल तहसिलीतून काढली आहे. 1918 ची मृत्यूची नोंद, अमुकची बायको, वय 60, कारण 'ताप' (साथीचं साल, त्यामुळे याच कारणाने पानंच्या पानं भरलीत). वय अंदाजानेच सांगत, म्हणून जन्म 1850 ते 1865 धरतोय. मुलांच्या जन्मनोंदीत फक्त बाप. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातही तेच. बंदोबस्ताच्या मिसलीत (जमीनमोजणी आणि साऱ्याच्या जुन्या दप्तरात) शेत नवऱ्याच्या नावावर, पुढे थेट मुलांच्या. विधवेचं नाव मध्ये कुठेच नाही.

त्र्यंबकच्या उपाध्यांकडची वही पाहिली. पुरुषांची पिढी सरळ लागते, बाईचं नाव मात्र सासरचं. माहेरच्या घराण्याच्या वहीत लेक म्हणून सापडेल, पण त्यासाठी आधी आडनावच लागतं ना!

मोडी वाचता येते. जातवैधतेसाठी नाही, वंशावळीसाठीच हवंय. कुंकुमपत्रिका, जुनी पत्रं घरात काही नाही.

अडचण अशी की वरुड वऱ्हाडात. 1903 पर्यंत त्याचा कारभार मध्य प्रांतापासून वेगळा, जमीन रयतवारी (शेतकरी सारा थेट सरकारला भरी), आपल्याकडे काटोलला मालगुजारी (सारा मालगुजारामार्फत). म्हणजे दप्तरंही वेगळी. लेकीचं किंवा जावयाचं नाव येऊ शकेल असं 1860 ते 1900 मधलं वऱ्हाडातलं कोणतं दप्तर आहे, आणि अर्जात त्याचं नाव नेमकं काय लिहायचं?