गुडघ्याखाली नळी की स्वतःची शीर?

गंगावेस:
काल इथं एकानं ठोकून दिलं, "पायाच्या बायपासला, म्हणजे तुंबलेली धमनी टाळून रक्ताला दुसरी वाट काढायला, आता तयार नळी मिळते. मांडीपासून घोट्यापर्यंत पाय चिरून शीर काढणारे डॉक्टर जुन्या वळणाचे. नळी टाका, वेळ वाचतो." वाचल्यापासून जीव थाऱ्यावर नाही.

माझ्या वडिलांना हेच सांगितलं होतं. साखर १८ वर्षांची, उजव्या अंगठ्याला गँगरीन. गुडघ्याखालच्या बारीक धमनीला पीटीएफईची, म्हणजे एका प्लास्टिकची, नळी जोडली. सातव्या महिन्यात पहाटे चारला त्यांनी हाक मारली. पाय धरला तर फरशीसारखा गार, बोटं पांढरीफटक. नळी गच्च बंद झालेली. चौथ्या दिवशी पाय काढला.

दोन वर्षांनी डाव्या पायाची पाळी. या वेळी डॉक्टर दुसरे. त्यांनी आधी दोन्ही मांड्यांचं डॉपलर, म्हणजे शिरा बघायची सोनोग्राफी, केलं आणि मार्करनं कातडीवर जांभळी रेघ ओढत गेले. कापलेल्या पायाच्या मांडीतली शीर साडेतीन मिलिमीटर, धडधाकट. म्हणजे पहिल्या वेळीही ती तिथंच होती. कुणी बघितलीच नाही! तीच डाव्या पायाला जोडली. तीन वर्षं झाली, चालू आहे.

थिएटरवाला:
वाईट वाटलं. पण एका घरच्या दुःखावरून सगळ्यांना आरोपी करू नका. मी ११ वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काम करतोय. कित्येकांची शीर आधीच हृदयाच्या बायपासला गेलेली असते, कुणाची दोऱ्यासारखी बारीक, कुणाची फुगून वेडीवाकडी, व्हेरिकोज झालेली. त्यांनी काय करायचं? शिवाय शीर काढलेली जखम साखरेच्या पेशंटला महिना महिना भरत नाही. आणि गुडघ्याच्या वर जोडायचं असेल तर नळी बरी चालते.

गंगावेस:
गुडघ्याच्या वरचं कोण बोलतंय? मी खालचं बोलतोय. तिथं धमनी बारीक, रक्ताचा ओघ कमी. शिरेला आतून जिवंत अस्तर असतं, ते रक्त सहजी गोठू देत नाही. नळीला ते नसतं, आणि जोडापाशी आतून पेशी वाढून वाट अरुंद होते. १९४८ साली पॅरिसला कुन्लिन या सर्जननी शिरेतल्या झडपा आड येऊ नयेत म्हणून शीर उलटी करून जोडली. तेव्हापासून नळ्या कितीतरी सुधारल्या, पण गुडघ्याखाली चांगल्या शिरेची बरोबरी अजून झालेली नाही. पायात शीर नसेल तर हातात असते. ती तरी बघता का तुम्ही?

सायबर_चौक:
२०२२ चा बेस्ट-सीएलआय अभ्यास वाचा, १,८३० पेशंट. ज्यांच्या पायाची लांब शीर सलग आणि चांगली होती, त्यांच्यात अँजिओप्लास्टीपेक्षा (धमनी आतून फुग्यानं उघडण्यापेक्षा) बायपास सरस ठरला. तशी शीर नसलेल्यांत ठळक फरक दिसला नाही. पण २०२३ मध्ये बेसिल-२ आला, ३४५ पेशंट, गुडघ्याखालच्या धमन्या. तिथं आधी अँजिओप्लास्टी केलेल्यांत पाय शाबूत ठेवून जगलेले जास्त निघाले. तेव्हा दोघंही एवढं छातीठोक बोलू नका.

उचगावची वहिनी:
अहो, शीर आणि नळी नंतर. जखम झालीच कशी ते विचारा! आमच्या ह्यांचे पाय साखरेनं बधिर. पुतणीच्या लग्नाला नवी कोल्हापुरी घेतली, दिवसभर घालून हिंडले. रात्री चप्पल काढली तर अंगठ्याजवळचं कातडं सोललेलं, पट्ट्यावर रक्त वाळलेलं. त्यांना पत्ताच नाही. दीड महिन्यात बोट गेलं. साखरवाल्यांना ही चप्पल विकूच नये.

कापशीवाला:
तोंड सांभाळून बोला ताई. आमची चौथी पिढी ह्या धंद्यात. २०१९ ला कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा घरात पेढे वाटले आम्ही. बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कमावलेलं कातडं असतं हे. तेल पाजून आठ-दहा दिवस थोडी थोडी घालायची, मग पायाला बसते. पहिल्याच दिवशी लग्नात घालून हिंडलात तर चावणारच. बधिर पायाला बूटसुद्धा चावतो. आणि तंबाखूचं नाव कुणीच का काढत नाही?

उचगावची वहिनी:
तंबाखूला शिवले नाहीत ते कधी. दुकानात एवढंच विचारा, "साखर आहे का?" गिऱ्हाईक तुटेल म्हणून कुणी विचारत नाही. तुमचा एक जोड कमी खपला असता, आमचं बोट वाचलं असतं.

कापशीवाला:
आमच्या आबांचा पाय विडीनं गेला, तेव्हा तुमचं दुःख कळत नाही असं समजू नका. विचारीन मी. पण विकूच नये हे मान्य नाही, कधीच नाही.

थिएटरवाला:
धागा चपलेत गेला. गंगावेस, तुमचं एक मान्य. शिरांचं डॉपलर केल्याशिवाय नळीला हात लावू नये. घाईत ते राहून गेलेलं मीही पाहिलंय. पण "जुन्या वळणाचे" हे मी म्हटलेलं नाही, माझ्यावर राग काढू नका.

गंगावेस:
तुमच्यावर नव्हता राग, वाटला असेल तर सोडून द्या. ज्यांच्या घरी ऑपरेशन ठरलंय त्यांनी दोन्ही पायांच्या आणि हातांच्या शिरांचं मॅपिंग झालं का ते विचारा. रिपोर्टवर जाडी मिलिमीटरमध्ये असते. तीन किंवा वर असूनही नळीच म्हणत असतील तर कारण विचारा. आणि शीर जोडली म्हणजे सुटलो असंही नाही, हे मला मान्य करावंच लागेल. वडिलांची शीर नवव्या महिन्यात एका जागी अरुंद झाली होती. नेमानं डॉपलरला नेत होतो म्हणून सापडली, आणि फुग्यानं उघडता आली.