मदत हवी आहे: ऑक्टोबर १९५६ चा भित्तिफलक, नावं आणि तारखा

आमच्या वाचनालयात "एक महिना, सारं जग" असा फलक करतोय. महिना ऑक्टोबर १९५६. नागपूरची १४ तारखेची धम्मदीक्षा मधोमध. भोवती १७ ला ब्रिटनच्या कॅल्डर हॉल अणुवीज केंद्राचं उद्घाटन, २१ ला पोलंडमध्ये गोमुल्का कम्युनिस्ट पक्षप्रमुख, २३ ला हंगेरीच्या राजधानीत, बुडापेस्टमध्ये उठाव, २९ ला इस्राएलचा सिनाईवर हल्ला. शेवटच्या आठवड्याने तर जागाच खाल्लीये!

अडलंय बुडापेस्टपाशी. २४ ला पंतप्रधान झालेल्या नेत्याचं नाव आमच्या जुन्या कात्रणांत 'इम्रे नागी' आहे. हंगेरियन उच्चार ध्वनिमुद्रणात पुन्हापुन्हा ऐकला, तर तो 'नॉद्य'च्या जवळ जातो. शेवटचा स्वर नाहीच. 'नॉद्य' लिहावं तर जुने वाचक म्हणणार, हा कोण नवीन?

दुसरं, उठावात बुडापेस्टच्या रेडिओ इमारतीपाशी गोळीबार सुरू झाला तो तिथल्या २३ च्या रात्री नऊच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र उलटून २४ लागली होती. मी तिथलीच तारीख धरलीये, पण सहकारी भारतीय तारखेवर अडून बसलेत.

फलक शाळेची मुलं वाचणार, प्रत्येक घटनेला एकच ओळ, तळटीप नाही, कंसात दुसरं रूप द्यायलाही जागा नाही. शुक्रवारी छपाईला जातोय. 'विकिपीडिया बघा' सांगू नका, बघून झालंय.

मुद्रितशोधन किंवा कोशाचं काम केलेल्यांनी सांगा: रुळलेलं 'नागी' ठेवू की उच्चाराप्रमाणे 'नॉद्य' करू? आणि तारीख तिथली की इथली?