मदत हवी आहे : कॉलेजमधल्या कवी-लेखकांच्या वाचनमालिकेसाठी

आमच्या वाङ्मय मंडळाने यंदा पाहुण्या कवी-लेखकांच्या वाचनाची मालिका सुरू केली आहे. महिन्याला एक वाचन, सगळ्यांना खुलं. शेवटचं २१ मार्चला ठेवायचं मनात आहे. युनेस्कोने १९९९ मध्ये जाहीर केलेला जागतिक कविता दिन तोच.

पहिलं वाचन परवा झालं, तेव्हापासून मनाला चुटपुट लागून राहिली आहे. कवयित्री फार सुंदर वाचत होत्या, पण तिसऱ्या कवितेतल्या अगदी हळव्या ओळीला मागच्या रांगेतली मुलं कानामागे हात धरून बसलेली दिसली. माइक उंच आणि त्यांची नजर खाली वहीत, त्यामुळे आवाज माइकपर्यंत पोचतच नव्हता. इतक्या लांबून आलेल्या माणसाचे शब्द असे वाया जाऊ नयेत हो! उभ्याने वाचणाऱ्यासाठी कॉलर माइक बरा की पोडियमवरचा?

पुढच्या महिन्यात कथाकार येणार आहेत. एक पान मोठ्याने वाचायला दोन-अडीच मिनिटं जातात, म्हणजे ४० मिनिटांत जेमतेम १५-२० पानं. अख्खी छोटी कथा वाचायला सांगावी की मोठीतला उतारा? मला स्वतःला अख्खी कथा हवीशी वाटते, शेवट ऐकल्याशिवाय उठवत नाही.

रेकॉर्डिंगसाठी लेखकाची लेखी परवानगी घेऊच, पण पुस्तकात छापलेल्या मजकुरासाठी तुम्ही प्रकाशकालाही विचारता का?

आणि प्रश्नोत्तरांत मुलं गप्पच बसतात. आधी दोन-तीन कविता वाचायला दिल्या तर बोलतील का? कोणी करून पाहिलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.