चाळिशीला टेकलेल्या क्वार्टरबॅकशी करार करताना संघ नेमके काय तोलतात?

प्रश्न : रविवारचा प्रेक्षक

अमेरिकन फुटबॉलमधल्या इंडियानापोलिस कोल्ट्सने डिसेंबर २०२५ मध्ये फिलिप रिव्हर्स या क्वार्टरबॅकला (चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूला) परत मैदानात उतरवले, तेव्हा त्याचे वय ४४ होते आणि त्याआधीचा सामना तो जानेवारी २०२१ मध्ये खेळला होता. त्यांचा क्वार्टरबॅक डॅनियल जोन्स याचा अकिलीस टेंडन (टाचेमागचा कंडरा) ऐन हंगामात तुटल्यामुळे कोल्ट्सपुढे फारसा पर्याय उरला नव्हता, हे मला मान्य आहे. मात्र हाताशी भरपूर वेळ असताना जे संघ असा खेळाडू निवडतात, त्यांचे गणित मला उलगडत नाही. न्यू यॉर्क जेट्सने २०२३ मध्ये ड्राफ्टमधले (नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीतले) मोलाचे क्रमांक मोजून ३९ वर्षांच्या अॅरन रॉजर्सला आणले. पहिल्याच सामन्यात, त्याच्या चौथ्या स्नॅपवर (म्हणजे चौथ्याच खेळीत), प्रतिस्पर्धी लेनर्ड फ्लॉइडने त्याला खाली पाडले. तो उठला, क्षणभर उभा राहिला आणि पुन्हा खाली बसला, आणि तिथेच त्याचा हंगाम संपला. इतके होऊनही पिट्सबर्ग स्टीलर्सने जून २०२५ मध्ये त्याच्याशी, तो ४१ वर्षांचा असताना, एका वर्षाचा करार केलाच. अशा वेळी व्यवस्थापन नेमके काय पाहते: खेळाडूचा हात, त्याची किंमत, की नुसते नाव?

उत्तर : कॅपचा कारकून

वयाचा प्रश्न बहुतेक वेळा पैशाच्या प्रश्नाआड दडलेला असतो, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या या व्यावसायिक लीगमध्ये, संघाच्या एकूण पगारावर कडक मर्यादा (कॅप) असते. २०२५ साली ती प्रत्येक संघासाठी २७.९२ कोटी डॉलर होती. त्यामुळे करार एकूण किती कोटींचा आहे, याला वर्तमानपत्रात जेवढे महत्त्व मिळते तेवढे संघाच्या कार्यालयात नसते. तिथे पाहिले जाते ते हमीची रक्कम किती आणि ती किती वर्षे मानगुटीवर बसणार, एवढेच.

साइनिंग बोनस (करारावर सही करताना मिळणारी रक्कम) कॅपच्या हिशेबात जास्तीत जास्त पाच वर्षांवर विभागता येतो. म्हणून संघ करारात अशी वर्षेही घालतात, ज्या वर्षी तो खेळाडू खेळणार नाही हे दोन्ही बाजूंना पक्के ठाऊक असते. त्यांना व्हॉइड वर्षे म्हणतात. खेळाडू निघून गेला की उरलेला बोजा एकदम अंगावर येतो. टॅम्पा बे बुकेनियर्सने टॉम ब्रेडीच्या बाबतीत हाच मार्ग धरला आणि २०२३ मध्ये, तो निवृत्त होऊन घरी बसलेला असताना, त्याच्या नावावर सुमारे साडेतीन कोटी डॉलरची कॅप खर्ची पडली. (त्याच वर्षी त्यांनी बेकर मेफील्ड या क्वार्टरबॅकला एका वर्षासाठी स्वस्तात घेतले आणि विभागही जिंकला, ही गंमत वेगळी.) सुपर बोल, म्हणजे लीगचे विजेतेपद, आधीच पदरात पडलेला असल्याने त्या उधारीचे कोणाला फारसे दुःख झाले नसावे.

याच्या दुसऱ्या टोकाला २०२४ मधला रसेल विल्सन आहे. त्याच्या पगाराचा मोठा भाग त्याला सोडणाऱ्या डेन्व्हर ब्राँकोजला द्यावाच लागणार होता, त्यामुळे स्टीलर्सला तो अवघ्या १२.१ लाख डॉलरमध्ये मिळाला. एवढ्या किमतीत फसण्यासारखे फार थोडे असते.

आणखी एक बारकावा असा, की हंगामाच्या पहिल्या आठवड्यात संघात असलेल्या अनुभवी खेळाडूचा त्या वर्षाचा मूळ पगार व्यवहारात हमीचाच होतो. संघाबाहेरच्या अशा खेळाडूंना नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये फोन जातात, त्यामागे दुखापतींइतकाच हा हिशेबही असतो.

उत्तर : डावा टॅकल

वरील हिशेब बरोबर आहे. परंतु पैसा फक्त चूक किती महाग पडेल हे सांगतो, निवड योग्य आहे की नाही हे सांगत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न क्वार्टरबॅकविषयी नसतोच. त्याच्याशिवाय हा संघ किती सामने जिंकला असता, तो प्रश्न आधी विचारायला हवा.

२०१५ चा, ब्राँकोजचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग आठवून पाहा. त्या नियमित हंगामात त्याचे ९ टचडाउन (गुण मिळवून देणारे पास) आणि १७ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने पकडलेले पास) होते. कॅन्सस सिटीविरुद्धच्या सामन्यात वीसपैकी पाच पास, ३५ यार्ड आणि चार इंटरसेप्शन अशी अवस्था झाल्यावर त्याला बाकावर बसवावे लागले. तरीही त्या हंगामाच्या अखेरीस ब्राँकोजने कॅरोलायनाला २४-१० असे हरवून सुपर बोल जिंकला, कारण व्हॉन मिलरच्या बचाव फळीने क्वार्टरबॅककडे एवढेच मागितले होते की त्याने सामना घालवू नये. संघाचे व्यवस्थापन पाहणाऱ्या जॉन एल्वेने ही गोष्ट हंगामाआधीच ओळखली असावी: त्याने मॅनिंगचा पगार १.९ कोटींवरून १.५ कोटी डॉलरवर आणला आणि कापलेले ४० लाख विजेतेपदाच्या बक्षिसाच्या रूपात परत ठेवले. मॅनिंगने ते पूर्ण कमावले.

ब्रेडीचे उदाहरण निराळे आहे, आणि लोक त्यातून चुकीचा धडा घेतात. २०१९ मध्ये ७-९ (सात विजय, नऊ पराभव) राहिलेल्या टॅम्पाकडे माइक इव्हान्स आणि क्रिस गॉडविन हे पास पकडणारे चांगले खेळाडू होते. खटकत होते ते तेव्हाचा क्वार्टरबॅक जेमिस विन्स्टनचे ३० इंटरसेप्शन. विन्स्टनला त्या वर्षी ४७ वेळा सॅक केले गेले (पास फेकण्याआधीच पाडले गेले), तर पुढच्या वर्षी ब्रेडीला २१ वेळा. ट्रिस्टन वर्फ्स हा नवा राइट टॅकल (क्वार्टरबॅकचे रक्षण करणारा खेळाडू) आला होता हे खरे, पण एका टॅकलने आकडा निम्म्यावर येत नाही. ब्रेडी चेंडू हातात ठेवतच नव्हता. स्नॅपच्या आधीच बचावाची मांडणी वाचून चेंडू कुठे जायचा हे ठरलेले असे. हात थकतो, पाय तर त्याआधीच थकतात. हे वाचन मात्र चाळिशीतही टिकते, आणि संघ मुख्यतः त्याचीच किंमत मोजत असतात. ज्या क्वार्टरबॅकचा सारा खेळ पायांवर उभा होता, त्याला ३६ व्या वर्षी घेण्याआधी मी दहा वेळा विचार करीन.

उत्तर : तिसरा डाव, पंधरा यार्ड

वाचन टिकते, पण स्वभावही टिकतो, हे विसरू नये. २००९ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जकडून खेळताना ब्रेट फार्व्हने ऑक्टोबरमध्ये चाळिशी गाठली, तरी हंगामात ३३ टचडाउन आणि केवळ ७ इंटरसेप्शन अशी त्याची कामगिरी होती. मग न्यू ऑर्लिन्समधला एनएफसीचा (लीगच्या दोन गटांपैकी एकाचा) अंतिम सामना आला. २८-२८ अशी बरोबरी होती, घड्याळात काही सेकंद उरले होते आणि व्हायकिंग्ज फील्ड गोलच्या (लाथेने चेंडू मारून गुण मिळवण्याच्या) टप्प्यात होते; तेवढ्यात हडलमध्ये (खेळी ठरवणाऱ्या घोळक्यात) अकराऐवजी बारा खेळाडू उभे राहिल्याबद्दल पाच यार्डांचा दंड झाला. पुढच्या डावात फार्व्ह उजवीकडे पळाला. समोर थोडी जागा होती आणि चार-पाच यार्ड धावून खाली बसणे शक्य होते. त्याने मात्र शरीराच्या उलट दिशेने मैदानाच्या मध्यावर चेंडू फेकला आणि तो प्रतिस्पर्धी ट्रेसी पोर्टरने पकडला. ती सवय विशीतही होती आणि चाळिशीतही गेली नाही. संघाने त्याला पुढच्या वर्षासाठी परत आणले, तेव्हा आकडे ११ टचडाउन आणि १९ इंटरसेप्शन असे झाले. उतार हळूहळू येईल या भरवशावर राहणाऱ्यांनी ही दोन वर्षे शेजारी ठेवून पाहावीत.

रविवारचा प्रेक्षक

सर्वांचे आभार. एक शंका उरते. अटलांटा फाल्कन्सने मार्च २०२४ मध्ये अकिलीसच्या दुखापतीतून सावरणाऱ्या कर्क कझिन्सला, त्याच्या ३५ व्या वर्षी, १० कोटी डॉलरची हमी दिली आणि पुढच्याच महिन्यात ड्राफ्टमध्ये आठव्या क्रमांकावर मायकल पेनिक्स या तरुण क्वार्टरबॅकला निवडले. याला सावधगिरी म्हणावे की गोंधळ?

उत्तर : कॅपचा कारकून

मी त्याला दोन दगडांवर पाय ठेवणे म्हणेन. वारस तयार करायचा असेल, तर जुन्या खेळाडूला कमी हमीवर घ्यावे. आणि आताच जिंकायचे असेल, तर आठवा क्रमांक अशा खेळाडूवर खर्च करावा जो त्याच वर्षी मैदानात दिसेल. कझिन्सला डिसेंबरमध्ये, १६ इंटरसेप्शननंतर, बाकावर बसवले गेले, म्हणजे दोन्ही गुंतवणुकी एकाच जागेसाठी झाल्या होत्या.

कॅपच्या कागदावर न दिसणारा खर्च मात्र तुमच्या पहिल्या उदाहरणातच आहे. कोल्ट्सने २०२० मध्ये रिव्हर्सला एका वर्षासाठी अडीच कोटी डॉलर दिले, संघ ११-५ राहिला आणि प्लेऑफमध्ये बफेलोकडून २७-२४ असा हरला. त्या करारात चूक काढणे कठीण आहे. परंतु ११-५ राहणाऱ्या संघाला ड्राफ्टमध्ये वरचा क्रमांक (तो हरणाऱ्या संघांना जातो) मिळत नाही, म्हणून २०२१ मध्ये कार्सन वेंट्झ आला, २०२२ मध्ये ३७ वर्षांचा मॅट रायन आला, आणि तो हंगाम पुरता कोसळल्यावरच २०२३ मध्ये चौथ्या क्रमांकावर अँथनी रिचर्डसन घेता आला. तोही टिकला नाही, म्हणून जोन्स आला. आणि जोन्स पडल्यावर फोन पुन्हा रिव्हर्सलाच गेला. सिअॅटलविरुद्ध त्याने १२० यार्ड फेकले, समोरच्या संघाला एकही टचडाउन करता आला नाही, आणि तरीही सहा फील्ड गोलच्या जोरावर कोल्ट्स १८-१६ असे हरले.