निकोलाय पानिन की कोलोमेन्किन? मुलीला सांगायचंय, मदत करा

कोथरूडची_आई
नमस्कार मंडळी. लेक नऊ वर्षांची आहे, दोन वर्षं झाली क्वाडवर (चार चाकांच्या रोलर स्केटवर) आर्टिस्टिक स्केटिंग शिकतेय. सध्या सर रोज अर्धा तास नुसत्या फिगर करून घेतात, म्हणजे रिंकवर आखलेल्या गोलावरून एका पायावर जायचं आणि रेष सोडायची नाही. ती जाम कंटाळलीये, रडते पण कधीकधी. परवा सर म्हणाले, रशियाला ऑलिम्पिकमधलं पहिलं गोल्ड असल्या रेषा काढूनच मिळालंय, पानिन नावाच्या माणसाने मिळवलं. तेव्हापासून 'कोण गं तो' चालूय. मी शोधलं तर कुठे पानिन, कुठे कोलोमेन्किन. दोन माणसं आहेत का? आणि १९०८ चं ऑलिम्पिक तर उन्हाळ्याचं ना, मग बर्फ कुठून आला?

बर्फवेडा_पुणे
ताई, माणूस एकच. खरं नाव निकोलाय कोलोमेन्किन, जन्म १८७२, व्होरोनेझ भागातला. पुढे सेंट पीटर्सबर्गला आला, तिथेच शिकला आणि सरकारच्या अर्थखात्यात नोकरीला लागला, आणि त्या काळी तिकडे साहेबलोकांनी स्पर्धेत उतरणं काही बरं समजत नसत म्हणून पानिन हे नाव घेऊन खेळायचा.
बर्फाचं म्हणाल तर हिवाळी ऑलिम्पिक तेव्हा नव्हतंच, ते १९२४ पासून. लंडनला नाइट्सब्रिजमध्ये प्रिन्सेस क्लबची कृत्रिम बर्फाची रिंक होती, तिथे ऑक्टोबरमध्ये झालं.
आता खरी गोष्ट. पुरुषांच्या मुख्य स्पर्धेत स्वीडनचा उलरिक साल्को होता, ज्याच्या नावाची उडी आजही सगळे मारतात तोच. त्याच वर्षी पीटर्सबर्गात पानिनने त्याला हरवलेलं होतं. पण लंडनला कंपल्सरी (सगळ्यांना ठरवून दिलेल्या) फिगरनंतर साल्को पुढे, पानिन दुसरा, आणि परीक्षण पटलं नाही म्हणून पानिनने माघार घेतली. मला हे वाचताना फार वाईट वाटतं, ३६ वर्षांचा माणूस, इतक्या लांब आलेला. पण अजून 'स्पेशल फिगर' बाकी होत्या. आपण स्वतः रचलेल्या नक्षीचं चित्र आधी परीक्षकांना द्यायचं आणि मग तीच नक्षी बर्फावर स्केटच्या धारेने उमटवायची. त्यात त्याला २४० पैकी २१९ मिळाले, दुसऱ्या आलेल्या कमिंगला १६४. स्पर्धक तिघेच होते हे खरंय, पण फरक बघा ना केवढा आहे. हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये परत कधी झालाच नाही.

ठिपक्यांची_रांगोळी
लेकीला रांगोळीच्या भाषेत सांगा. आमची आजी हात न उचलता एका रेषेत कासव काढायची, सुरू केलं तिथेच रेष येऊन मिळायची. पानिन हेच पायाने करायचा, आणि बर्फावरची रेष पुसून परत काढता येत नाही. मला तर हे उड्यांपेक्षा अवघड वाटतं, लोक मात्र उड्याच बघतात. १९९० नंतर बर्फावरच्या मोठ्या स्पर्धांतून फिगर काढूनच टाकल्या, रोलरवाल्यांनी जपल्यात त्या. म्हणजे तुमची लेक करते ते आज बर्फावरची बहुतेक मुलं शिकतच नाहीत.

बर्फवेडा_पुणे
एक राहिलं, तो पिस्तूल नेमबाजीतही रशियाचा चॅम्पियन होता. १९१२ ला स्टॉकहोमला रशियाच्या पिस्तूल संघात होता, चौथे आले. नंतर लेनिनग्राडला (म्हणजे पीटर्सबर्गलाच) नव्या मुलांना शिकवण्यात आयुष्य घातलं, फिगर स्केटिंगवर जाडजूड पुस्तकं लिहिली, १९५६ ला गेला. आणि हे तिला नक्की सांगा, की त्याच्यानंतर त्याच्या देशाला फिगर स्केटिंगचं पुढचं ऑलिम्पिक गोल्ड थेट १९६४ मध्ये सोव्हिएत जोडीने मिळवून दिलं. ते बघायला तो नव्हता.

निवृत्त_कारकून
मी सरकारी नोकरीत ३१ वर्षं काढली, कॅरमच्या स्पर्धेत खेळायचं तरी आधी साहेबांची परवानगी लागायची. त्यामुळे त्या पानिनचं मला अगदी कळतं. दिवसभर हिशेबाचे कागद आणि संध्याकाळी बर्फ. ताई, मुलीला माझा आशीर्वाद सांगा.

कोथरूडची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सांगितलं. साल्कोचा भाग दोनदा सांगायला लावला, माघार घेतली तिथे गप्प झाली एकदम. आज सकाळी पार्किंगमध्ये खडूने स्वतःची एक नक्षी काढलीये, तीन पाकळ्या आणि मध्ये गोल, आणि वॉचमनकाकांना सांगून आलीये की संध्याकाळपर्यंत इथे गाडी लावू देऊ नका.